दुसऱ्यांदा वाढवलेल्या पेशी

“लिंबल स्टेम सेल डेफिशियन्सी,” डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि समजावलं. बुबुळाच्या काठावर मूळ पेशी असतात. बुबुळावरचा पारदर्शक थर त्या सतत नवा करत राहतात. माझ्या उजव्या डोळ्यातल्या त्या पेशी चुन्यानं जळाल्या होत्या.

मी जानेफळच्या शाळेत क्रीडाशिक्षक. खो-खोच्या मैदानावर रेषा आखायला चुन्याची फक्की मारताना वारा फिरला. मी डोळा चोळला, पाणी मारलं ते फार उशिरा. तुमच्यावर अशी वेळ आली तर चोळू नका. आधी भरपूर पाण्यानं धूत राहा, मग दवाखाना गाठा.

उपाय ऐकून मी चकितच झालो. चांगल्या डाव्या डोळ्याच्या काठाचा कणीएवढा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी दोन आठवडे वाढवायच्या आणि तयार झालेला पापुद्रा उजव्या डोळ्यावर बसवायचा.

“चांगल्या डोळ्याले काऊन हात लावता?” माझी बायको सुनंदा डॉक्टरांना म्हणाली. तरी मी तुकडा दिला.

ठरल्या दिवशी उपाशीपोटी पुण्याच्या त्या दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टर आले. “आज ऑपरेशन नाही. शेवटच्या तपासणीत जंतू सापडले. पापुद्रा टाकून द्यावा लागला.”

“उकळून, धुऊन नाही चालत?” मी विचारलं.

“जंतू मारायला गेलो तर पेशीही मरतात.”

“मग एकदम शंभर जणांसाठी बनवून का ठेवत नाही?”

ते हसले. “हा फक्त तुमचा होता, सर. कुणाच्या पेशी भराभर वाढतात, कुणाच्या वाढतच नाहीत. आणि तयार झाला की काही तासांत वापरावा लागतो. साठा करता येत नाही, हीच तर अडचण आहे.”

पुन्हा तुकडा द्यायचा होता. परतीच्या गाडीत गावाजवळचं मेहकर आलं. सुनंदा म्हणाली, “दुसऱ्या खेपेलेही असंच झालं त?” रोज रात्री डावा डोळा मिटून उजव्यानं बघायचो. फक्त धुकं दिसायचं.

दुसरा पापुद्रा तपासणीत पास झाला. ऑपरेशननंतर दीड महिन्यानं उजव्या डोळ्यानं तक्त्यावरच्या तीन ओळी वाचल्या. सुनंदानं डॉक्टरांना त्या माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घ्यायला लावल्या.

मी प्रयोगशाळा बघायची परवानगी मागितली. काचेपलीकडे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली एक मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. पहिला पापुद्रा तिनंच नाकारला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती बाहेर आल्यावर मी तिचे आभार मानले.

“दुसऱ्या पापुद्र्यासाठी?” तिनं विचारलं.

“नाही, पहिला टाकून दिला म्हणून.”


ती म्हणाली, “सर, तो वाढवायला सुट्टीचे दोन रविवारही आले होते मी. आणि शेवटी मलाच टाकावा लागला.”