चौकशीमास्तरांची बहीण

औषधांच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या या गृहस्थांना गिऱ्हाइकं पाठीमागे ‘चौकशीमास्तर’ म्हणत. खोकल्याची बाटली मागायला जा, आधी प्रश्न: “दुसरं काही औषध चालू आहे का?” लोक वैतागायचे, मास्तर हटायचे नाहीत. “घाई असेल तर शेजारी बिस्किटं मिळतात,” म्हणायचे.

असे हे मास्तर, आणि नेमकं त्यांच्याच हातून ते घडलं. एका दुपारी धाकटी बहीण दुकानात आली. झोप लागत नाही, मन थाऱ्यावर नाही, म्हणाली. मैत्रिणीने दोन नावं सुचवली होती, ट्रिप्टोफॅन आणि फाइव्ह-एचटीपी. “दादा, यातलं कुठलं घेऊ?”

मास्तरांची कळी खुलली. बहिणीने त्यांच्या विद्येची आजवर कधी दखल घेतली नव्हती. दोन्ही बाटल्या काउंटरवर मांडून ते सुरू झाले. दोन्हींपासून शरीर सेरोटोनिन बनवतं, मन आणि झोप सांभाळणारं रसायन. ट्रिप्टोफॅन जेवणातूनही मिळतं, पण त्याला शरीराची इतरही कामं असतात, म्हणून थोडंच मुक्कामी पोचतं. फाइव्ह-एचटीपी एक पायरी पुढचं, थेट कामाला लागणारं. “लवकर गुण हवाय ना? मग हे घे.” आणि तो रोजचा प्रश्न? घरच्या माणसाची कसली चौकशी! विद्या डोक्यात गेली की भान सुटतं, दुसरं काय.

बहीण कितीतरी महिने नैराश्याच्या गोळ्या घेत होती, दुसऱ्या दुकानातून आणून. त्याही सेरोटोनिन वाढवणाऱ्याच. दोन्ही एकत्र झाल्यावर अंग थरथरायला लागलं, ताप चढला, छाती धडधडू लागली. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

खाटेशी बसलेल्या मास्तरांचं तोंड एवढंसं झालं होतं. “जगाला विचारतो गं, तुलाच विचारलं नाही. चुकलं माझं.”

“विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं,” ती म्हणाली. “तसल्या गोळ्या नेणाऱ्यांच्या नकला तू जेवताना करायचास, दादा. सगळे हसायचो. मीसुद्धा.”

मास्तरांना एकेक नक्कल आठवली. खालच्या आवाजात औषधाचं नाव सांगणारी बाई, घडी घातलेली चिठ्ठी मान वळवून पुढे सरकवणारा कारकून. किती हुबेहूब करायचे ते!

बहीण बरी झाली. हल्ली दुकानात येते, दादाशी गप्पा मारते, साबण नाहीतर टूथपेस्ट नेते. गोळ्या मात्र अजून दुसरीकडूनच आणते, आणि तिथे जाऊ नकोस म्हणायला मास्तरांना तोंड उरलेलं नाही.