चाकातला च

वृंदाताई घरात दिवा लावायची तो फक्त पाहुण्यांसाठी. ती जन्मापासून आंधळी. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती संध्याकाळची वेळ होती. दार उघडून तिने भिंतीवरचं बटण दाबलं आणि विचारलं, “लागला ना? मागे एक जण बिचारा अंधारातच बसून राहिला. लाजून बोललाच नाही.”

मुलुंडला आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर, ती आईबरोबर राहायची. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर ती आणि देशोदेशीची काही माणसं मिळून सांभाळत. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. अशा प्रकल्पांवर जाणत्यांच्या हाताखाली उन्हाळाभर काम करायची एक योजना होती. कॉलेजात असताना मला तिच्यात शिरायचं होतं.

माझा अर्ज तिने ऐकला. त्यात मी त्या सॉफ्टवेअरचं मराठी वाचन सगळंच सुधारणार होते.

“झकास! आणि पुढच्या जन्मी काय करणार?” ती म्हणाली. “एकच घे गं, पण पुरं कर.”

मग तिने यंत्राकडून ‘चाक’ म्हणवून घेतलं. ‘चार’मधला च ते चाकालाही लावत होतं. मला हसू फुटलं.

“शाळेपासून असलंच मराठी ऐकतेय मी,” ती म्हणाली. “मीही हसायचे आधी.”

मी तो च धरला. अर्ज पाठवताना तिने बजावलं, “निवडीच्या वेळी मी गप्प बसणार हां. तू माझ्याकडे रोज चहा पितेस, हे बाकीच्यांना सांगून टाकलंय.”

जागा एकच होती. ती दुसऱ्या मुलीला मिळाली. मी वृंदाताईकडे जाणं बंद केलं. शेवटी काठी टेकत तीच वर आली.

“रागावलीस? रागाव. पण चाकाचं काय करायचं?”

“माझी निवड कुठे झालीये?”

“नाही झाली. पण मला अजून तसंच ऐकू येतंय, त्याचं काय?”

तो उन्हाळा मी तिच्याजवळ बसून काढला. “इथे घाई केलीस,” म्हणत ती काम परत करायची. दुरुस्ती अखेर स्वीकारली गेली, तेव्हा तिने चाक, चूल, चमचा पुन्हा पुन्हा ऐकलं आणि आईला हाक मारली. काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या, “बरां बोलता,” म्हणून पुन्हा आत गेल्या. लेक दिवसभर कानाला यंत्र लावून काय करते, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

गेल्या वर्षी वृंदाताई गेली. साधा वाटलेला ताप उतरलाच नाही. प्रकल्पाच्या पानावर ठिकठिकाणच्या माणसांनी तिच्याविषयी लिहिलं. काकूंजवळ बसून मी ते मराठीत सांगत होते.

“माझ्या चेडवाक इतकी माणसां वळखतत?” त्यांनी विचारलं.

“हो, काकू. तुमच्या लेकीला.”

एक मजकूर मराठीतच होता. सांगलीकडच्या एका अंध गृहस्थांचा. ‘आता मुलीचे निरोप दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे लागत नाहीत. ती माझ्याशी मोकळेपणाने लिहू लागली आहे.’

मी पुढचा मजकूर वाचायला घेतला. काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ह्या परत वाच गो,” त्या म्हणाल्या. “सावकाश वाच.”