पंच्याखालची सुवारी

घरातली कुठलीही गोष्ट बोलायची झाली की आमचे आपा आधी रेडिओची वायर उपसत आणि वर आपला पंचा टाकत. मी नवी नवरी म्हणून गोव्यात इब्रामपूरला आले तेव्हा हे बघून हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. आपांनी ते ओळखलं. म्हणाले, "हसा नको, बाये. बंद दिसता, पण आयकता."

आपा माझे चुलत सासरे. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहत. त्यांचा संशय मात्र कुणाला परका मानत नसे. दूध आणणारा, बसचा कंडक्टर, देवळाचा भट, सगळे एकाच रांगेत. भाषेचा वाद पेटला तेव्हा मराठीवाले आले, कोंकणीवालेही आले. आपांनी दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही तेच विचारलं, "आधी तुमका कोणी धाडलां ता सांगा." गोवा घटक राज्य झालं म्हणून गावात पेढे वाटले, तर पेढा उलटसुलट करून बघत म्हणाले, "पेडण्याची बस वेळार येवंदे, मगे बघूया."

एका गोष्टीपुढे मात्र आम्ही सगळे गप्प बसत असू. आपा घुमट वाजवत. मातीच्या त्या भांड्याच्या कातड्यावर उजव्या हाताने थाप देत आणि डाव्या पंजाने त्याचं उघडं तोंड झाकत-उघडत ते असा नाद काढत की छातीत हले. सुवारी म्हणजे घुमटावर चढत जाणारं वादन; ती संपवायची त्यांच्या वडिलांची एक खास रीत होती. ती वाजवताना आपा लोकांकडे पाठ करत आणि हातावर उपरणं ओढून घेत. माझे यजमान त्यांचे सख्खे पुतणे, लहानपणापासून ती रीत शिकायला आसुसलेले. पण आपा त्यांनाही शिकवत नसत. "आज तुका, फाल्यां बाजाराक," म्हणत, म्हणजे आज तुला शिकवली की उद्या बाजारात. आपांबरोबर ती जाणार, हे आम्हाला दिसत होतं आणि माझा जीव तुटायचा.

अशात मुंबईचा एक सॅक्सोफोनवाला आला. मूळचा बार्देशचा. जॅझमध्ये सतार, तबला आणि आमचं घुमट मिसळून त्याला एक अल्बम काढायचा होता. आपांनी त्याची चार दिवस उलटतपासणी घेतली आणि शेवटी देवळाच्या मंडपात त्याच्या रेकॉर्डिंगच्या मशीनसमोर बसले. सुवारी वाजवली, पण शेवट खोटाच लावला. सॅक्सोफोनवाला खूश होऊन अंगणात चहा प्यायला गेला.

आपा मात्र उठेनात. देवासमोर खोटं वाजवलं, हे त्यांना टोचत होतं. त्यांनी यजमानांना हाक मारली, "वसंता, मशीन बंद केल्यान मां?" उत्तराची वाट न बघता स्वतःच वायर उपसली, मशीनवर पंचा टाकला, देवाकडे तोंड केलं आणि खरा शेवट वाजवला.

ते मशीन सेलवरही चालतं, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा लाल दिवा पंच्याखाली गेला. सॅक्सोफोनवाल्याने ते मुद्दाम चालू ठेवलं होतं की विसरला, देव जाणे. मला अजून त्याचा संशय येतो.

काही महिन्यांनी कॅसेट आली. सॅक्सोफोन सुरू होताच आपा म्हणाले, "म्हस अडली काय कोणाची?" मग घुमट आलं. आता आपला खोटा शेवट येणार म्हणून आपा मिशीत हसत बसले. आला तो खरा, आणि त्याच्यावर सॅक्सोफोन चढत चढत गेला. आपांचा चेहरा उतरला. टेपरेकॉर्डरकडे बोट करून म्हणाले, "मी सांगी होतंय मां?"

मला त्यांची दया आली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. आमचे हे ती कॅसेट घेऊन गोठ्यात बसू लागले. आपा तिकडे फिरकत नसत, पण मी गोठ्याकडे निघाले की, हल्ली यांना गुरांचा एवढा पुळका का येतो, असं मला विचारत.

पुढे आपांचा डावा हात लुळा पडला. त्या चवथीला गणपतीची आरती झाल्यावर यांनी घुमट गळ्यात घेतलं आणि सुवारी त्या शेवटापर्यंत नेली. आपा बाकावर भिंतीला टेकून बसले होते.

"शेवटची थाप खंय गेली?" त्यांनी विचारलं.

"कॅसेटीत एवढीच आसा, आपा."

"आशिल्ली. त्या पिपाणयेन झाकून टाकल्यान."

आपांनी खोलीभर नजर फिरवली. ती कपाटावरच्या टेपरेकॉर्डरवर थांबली. उजव्या हाताने खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"बाये, त्या पेटयेर घाल. सेल पण काढ."

मी सेल काढले, पंचा घातला. मग आपांनी पुतण्याला जवळ बोलावलं, पाठ करून बसवलं आणि ती शेवटची थाप त्याच्या पाठीवर वाजवली.