टाकीचं तोंड

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं पोटात घालावं.

ह्यांची कंपनीतली ड्रॉइंगची नोकरी गेली तेव्हा आम्ही नेरूळला दोन खोल्यांत राहायचो. उरणच्या माझ्या दादाने जमिनीच्या मोबदल्यातून उसने पैसे दिले आणि ह्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला. कारखान्याची तेलाची टाकी तापली की कशी फुगेल, कुठे ताण येईल, ते त्यावर काढायचं. ते पहिलंच काम. पास झालं नसतं तर दुसरं कुणी दिलं नसतं, आणि दादाचे पैसे बुडाले असते.

दुपारी हे काम देणाऱ्या कंपनीत बेलापूरला जायचे, पडद्यावर टाकीचं चित्र हलतं ठेवून. मी समोर लसूण सोलत बसायची. टाकी फुगायची, बसायची, पुन्हा फुगायची, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. तिला एका बाजूला पाइप जोडायचं गोल तोंड होतं. टाकी फुगली की ते हळूहळू वळायचं आणि माझ्याकडे बघायचं. मी दाराशी जाऊन बसले. तिथेही माझ्याकडेच. शेवटी पडद्यावर टॉवेल टाकला, तर आतून उजेड कमीजास्त होत राहिला.

चार दिवस हेच चाललं. काम द्यायच्या आदल्या दिवशी, ह्यांना दुपारचं वाढताना म्हटलं, "अहो, ती टाकी वळून बघते माझ्याकडे."

"माहेरचं कुणी आलं असेल तुझ्या," हे हसून म्हणाले, आणि 'वळून' हा शब्द ध्यानात येऊन घास तोंडातच राहिला. उष्ट्या हाताने पडद्यावरचा टॉवेल ओढला. तीनदा बघितलं.

"आकडे बरोबर, रंग बरोबर. मी ही हालचाल नीट बघितलीच नाही."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं सांगत राहिले. खालची कड डावी-उजवीकडे अडवली तर टाकीला फुगता येईना, म्हणून त्यांनी ती मोकळी सोडली होती. त्यात फिरणंही मोकळं झालं, ते अडवायला नावापुरताच टेकू उरला. गोल वस्तू मधल्या रेषेपासून मोजायची असते. लांब किती, वळून किती, उंच किती. कडेच्या प्रत्येक ठिपक्याला बाहेर सरकू द्यायचं, वळू द्यायचं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं पुन्हा केलं. टाकी चारी बाजूंनी सारखी फुगली. तोंड जागेवर राहिलं. तरी मी त्या खोलीत पडद्याकडे पाठ करून बसायची नाही.

काम पास झालं, मागून दुसरी कामं आली. दोन वर्षांनी दादाच्या पैशांचा शेवटचा हप्ता घेऊन आम्ही उरणला गेलो. दादाने नोटा मोजून कपाटात ठेवल्या आणि विचारलं, "मशीन चालतं ना गं नीट?"

मी मान हलवली. टाकीचं काही सांगितलं नाही. त्याचे सगळे पैसे फिटले होते.