चुन्याची रेघ
शाळेच्या मैदानावर आज फक्कीच्या रेघा मारत होते, आणि चुन्याचा तो घशात बसणारा वास आला तसं वळसंगचं आमचं घर आठवलं. गावठाणाची मोजणी ड्रोननं होणार होती, आणि आपापली हद्द आधी चुन्यानं आखून ठेवा असं सगळ्यांना सांगितलं होतं. थोरल्या चुलत्यांनी दोरी आणली, एक टोक वडिलांच्या हातात दिलं आणि रेघ सरळ आमच्या अंगणातून ओढली. शेळ्यांचं छप्पर पलीकडे गेलं. मी वडिलांना बाजूला घेऊन म्हटलं, "छप्पर त्यांच्याकडं गेलं की." ते म्हणाले, "थोरल्याच्या तोंडी लागायचं नसतंय. आन त्या ड्रोनला वरनं समदं दिसतंय की, खरं काय ते त्योच काढंल." ड्रोन घरघरत वरून गेला तेव्हा शेळ्या दावी ताणून ओरडत होत्या, आणि वडील देवळात उभं राहावं तसे वर बघत होते. नकाशा आला तेव्हा मोजणीचे साहेब म्हणाले, "काका, यात बोटभरही चूक नाही." खरंच नव्हती. रेघ होती तिथंच उमटली होती. आता तिच्यावर चुलत्यांची भिंत उभी आहे, आणि वडील अंगणात बसतात ते तिच्याकडं पाठ करून.