अठराव्या वर्षाची पाठराखीण

आमच्या न्युरेम्बर्गच्या हॉस्पिटलात मुलांची इमारत एका टोकाला आणि मोठ्यांची दुसऱ्या टोकाला आहे. मधे सायकली लावायची जागा, चेस्टनटची झाडं आणि लाँड्रीच्या गाड्यांचा रस्ता. जन्मापासून मुलांच्या इमारतीत येणारा पेशंट अठरा वर्षांचा झाला, की त्याची फाइल पलीकडे जाते आणि पुढच्या वेळी त्याने तिकडे जायचं असतं. नियम एवढाच. ऋजुता मात्र पेशंटबरोबर स्वतः जायची. आपली जेवणाची सुट्टी घालवून, त्या नुकत्याच मोठ्या झालेल्या पोराला किंवा पोरीला घेऊन ती रमतगमत पलीकडे जायची, तिथल्या वेटिंग रूममध्ये शेजारी बसायची, नव्या डॉक्टरशी ओळख करून द्यायची आणि मगच परत यायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, "हे कुणी सांगितलंय तुला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" ती म्हणाली. "लग्न झाल्यावर मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा बरोबर पाठराखीण देतात की नाही? मग या पोरीनं इथं अठरा वर्षं काढली, ती काय एकटीच जाणार होय?"

मला ते फार आवडलं, आणि आपल्याला हे का सुचलं नाही म्हणून त्याच क्षणी तिचा हेवा वाटला. पुढे ती इथे होती तोवर हे असंच चाललं. तिचं काहीतरी आवडायचं आणि आवडल्याबरोबर पोटात दुखायचं.

ऋजुता मिरजेची. मी पुण्याची; माझा नवरा नितीन इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून मी इथे. भाषेच्या परीक्षा, डॉक्टरकीचा परवाना, मधे आमची ईरा, असं करत करत मी मुलांच्या विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून लागले तोवर माझ्या वर्गातल्या मैत्रिणींचे स्वतःचे दवाखाने झाले होते. ऋजुता एकटी आली, एक सुटकेस आणि आईने दिलेला मेतकुटाचा डबा घेऊन, आणि बघता बघता माझ्याच विभागात माझ्याच हुद्द्यावर उभी राहिली. माझं जर्मन तिच्यापेक्षा कितीतरी शुद्ध. मी बोलले की पेशंटचे आईबाप मान डोलावतात आणि आभार मानतात. ती मिरजेच्या हेलात तोडकंमोडकं बोलायची, दर वाक्याला "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी, असं लावायची, आणि तेच आईबाप तिला घरातली भांडणंसुद्धा सांगायचे.

तिचा लाडका शब्द म्हणजे "असू दे की." रात्रपाळी वाढली, असू दे की. घरमालकाने हीटर दुरुस्त केला नाही, असू दे की, जाड मोजे आहेत. ओबरआर्त्स्ट, म्हणजे आमचे वरचे डॉक्टर, एकदा सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. मी असते तर आठवडाभर जेवले नसते. ती बाहेर येऊन म्हणाली, "असू दे की, त्यांचा मुद्दा बरोबर होता. आवाज तेवढा चुकला." आणि शांतपणे केळं सोलून खायला लागली.

आता मूळ गोष्टीकडे येते. जर्मनीत मोठ्यांचं डॉक्टर व्हायचं की मुलांचं, हे आधीच ठरवावं लागतं. अमेरिकेत मात्र चार वर्षांचा एक जोडअभ्यासक्रम असतो, इंटर्नल मेडिसिन आणि पीडियाट्रिक्स एकत्र. तो केलेला डॉक्टर तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत सगळ्यांना बघतो. मला तो कॉलेजात असल्यापासून करायचा होता. त्यासाठी लागणाऱ्या परीक्षाही मी लग्नाआधी देऊन ठेवल्या होत्या. मग लग्न झालं, जर्मनी आली आणि ते तसंच राहिलं. एका दुपारी कँटीनमध्ये मी हे सगळं ऋजुताला सांगितलं. ती कपात चमचा तसाच ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे पाठराखीण लागणारच नाही की!" ती म्हणाली. "पोरगं अठराचं झालं तरी डॉक्टर तोच!"

इतकी वर्षं मला तो अभ्यासक्रम हवा होता, पण का हवा ते मला असं एका वाक्यात कधी सांगता आलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तिने पुस्तकं मागवली. ड्युट्या सांभाळून, ट्राममध्ये उभ्याने वाचून तिने त्या परीक्षा दिल्या आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले. "पेपर सोपा निघाला गं," म्हणाली. असं म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नसते. वाट मी दाखवली होती, आणि आता मला तिच्या मागून चालावं लागत होतं. तिला बघूनच मीही नितीनच्या मागे लागले, आणि आम्ही दोघींनी एकाच वर्षी अर्ज केले.

तिकडची पद्धत अशी आहे. हॉस्पिटलं व्हिडिओवर मुलाखती घेतात. मग उमेदवाराने आपल्या आवडीप्रमाणे हॉस्पिटलांचे क्रमांक लावायचे, हॉस्पिटलांनी उमेदवारांचे लावायचे आणि संगणकाने जोड्या जुळवायच्या. जे जुळेल तिथे जायचंच, नाही म्हणता येत नाही. ऋजुताची आई मिरजेहून फोनवर म्हणायची, "आमची ऋजू नवऱ्याची स्थळं बघ म्हटलं तर ऐकत नाही, आणि हॉस्पिटलांची बघत बसलीय."

ती खरोखर स्थळं बघावीत तशीच बघायची. मुलाखतीत तर सगळेच गोड बोलतात, असं तिचं म्हणणं. म्हणून ती आपली ओळख न देता त्या त्या हॉस्पिटलच्या साध्या चौकशीच्या नंबरवर फोन करायची. "मुलांच्या वॉर्डात यायचंय, गाडी कुठं लावू? दार कुठल्या बाजूला आहे?" एवढंच विचारायची. फोनवरचा माणूस कंटाळून बोलला तर ते हॉस्पिटल खाली. एका ठिकाणच्या बाईंनी दार तर सांगितलंच, वर "मूल फार आजारी आहे का हो? सावकाश या, गाडी जपून चालवा," असं म्हटलं. ऋजुताने ते हॉस्पिटल तिथल्या तिथे पहिलं लावलं. नाव फारसं कुणी न ऐकलेलं, गाव थंडीने गारठलेलं. मी म्हटलं, "अगं वेडी का तू? फोनवरच्या बाईवरून चार वर्षं ठरवणार?"

"आल्झो, म्हणजे हे बघ, माझी आत्या मुलाकडच्या घरी न सांगता पाणी प्यायला जायची," ती म्हणाली. "पाणी कोण आणून देतं आणि कसं देतं ते बघायची. तिनं जुळवलेलं एकही लग्न मोडलं नाही."

मी रीतसर एक्सेल केलं होतं. त्यात हॉस्पिटलाची माहिती एका रकान्यात होती. बाकीचे रकाने नितीनच्या नोकरीचे, ईराच्या शाळेचे, सासूबाईंना येता येईल की नाही याचे. नितीनचं काही चुकत नव्हतं. तो म्हणाला, "प्राची, आमच्या कंपनीचं ऑफिस ज्या गावात आहे तिथे मी बदली मागतो. दुसरीकडे कुठे मी नोकरीशिवाय चार वर्षं बसू, तूच सांग." तसं एकच गाव निघालं, एका मोठ्या तळ्याकाठचं. त्यांनी मला मुलाखतीला बोलावलं होतं. बाकीची नावं मी एकेक करून पुसली आणि पडद्यावर एकच ओळ उरली. ऋजुताला आपली नावं हवी तशी वरखाली करताना पाहिलं, की मला तिची यादी चुलीत घालावीशी वाटायची. तिला कुणाला विचारायचंच नव्हतं.

त्यात तळ्याकाठच्यांनी तिलाही बोलावलं. मुलाखत संपवून ती हसतच बाहेर आली. "काय मस्त माणसं आहेत गं! फोनवरचा म्हातारापण झकास. जाम आवडलं मला." तिथे जागा चारच होत्या. मी "हो का, वा" म्हटलं आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, त्यांना ही आवडू नये.

निकालाची पहिली मेल, जुळलं की नाही एवढंच सांगणारी, आली तेव्हा आम्ही दोघी ड्युटीवर होतो. मी ती चादरींच्या खोलीत जाऊन उघडली. माझं जुळलं नव्हतं. बाहेर आले तर समोर ऋजुता. तिचा चेहरा मी वाचला, माझा तिने वाचला. तिने फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "चल की, कॉफी घेऊ." मला वाटत होतं, हिने नाचावं, ओरडावं, म्हणजे मला धड रागावता तरी येईल. ती पूर्ण वेळ माझ्या कपात साखर ढवळत बसली. मी साखर घेत नाही.

चार दिवसांनी कळलं, तिला ते फोनवाल्या बाईंचं गारठलेलं गाव मिळालं. खरं सांगते, मला बरं वाटलं. तळ्याकाठचं तिला एवढं आवडलं होतं, तेव्हा शेवटी तिने तेच वर लावलं असणार असं मी धरून चालले होते. म्हणजे त्यांनी तिलाही नाकारलं. एका तरी दारात आम्ही दोघी सारख्या ठरलो, या समाधानावर मी महिना-दीड महिना काढला.

तिचं सामान बांधायला मिरजेहून तिची आई, म्हणजे आमच्या काकू, आल्या. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. भाकरी, खर्डा, भरली वांगी आणि ईरासाठी तिखट न घातलेलं भडंग. ईरा सगळ्याला जर्मनमध्ये उत्तरं देत होती आणि काकू तिला मराठीतून तितक्याच उत्साहाने पुढचं विचारत होत्या. मला वाढताना त्या सहज म्हणाल्या, "तू वाईट वाटून घेऊ नको गं. पुढच्या वर्षी होईल तुझं. आमच्या ऋजूला पण वाटत होतं तुझं होणार म्हणून. ते तळ्याचं गाव तिनं म्हणूनच लावलं नाही. म्हणाली, तिथं प्राचीला जायचंय, तिला दुसरीकडं कुठं जाताच येणार नाही."

माझा घास हातातच राहिला. ऋजुता स्वयंपाकघरात होती. मी उष्ट्या हाताने तशीच आत गेले.

"तू यादीत टाकलंच नाहीस?"

"आई पण ना!" ती मागे न वळता म्हणाली.

"कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं?"

"नाही गं. चारच जागा होत्या. उगंच दोघींनी कशाला?"

"आणि पहिल्या पसंतीचं असतं तर?"

आता ती वळली. तव्यावरची भाकरी फुगत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "तर लावलं असतं," ती म्हणाली. "शंभर टक्के लावलं असतं. दुसरं होतं, म्हणून सोडलं. एवढी काही मी चांगली नाही, तू उगंच डोळ्यांत पाणी आणू नको."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते रागाचं होतं. तिने आपलं दुसरं सोडलं, माझ्यासाठी ते पहिलं आणि शेवटचं होतं, आणि तिने वाट मोकळी करूनही मला ते मिळालं नव्हतं. माझ्याकडे उरलेलं एकुलतं एक समाधानही तिने भाकरी भाजता भाजता काढून घेतलं. ते खरंच दुसरं होतं, की मला हलकं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली, हे मला आजही माहीत नाही. विचारणार नाही. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर मला सोसणार नाही.

काकू आधीच मिरजेला परतल्या होत्या. विमानतळाकडे निघताना स्टेशनवर तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "लेओनी जुलैत अठराची होतेय. तिला सोडशील ना पलीकडं? एकटी पाठवू नको." लेओनी म्हणजे आमची जन्मतः हृदयात दोष असलेली पेशंट, तीन ऑपरेशनं झालेली. एवढ्या मोठ्या प्रवासाला निघालेल्या बाईने दुसरं काही बोलू नये! मी हो म्हटलं. गाडी हलल्यावर लक्षात आलं, तिच्याबरोबर कुणीच पाठराखीण नव्हती.

जुलैत मी लेओनीला घेऊन निघाले. त्या दिवशी माझी जेवणाची सुट्टी आधीच अर्धी उडाली होती, वॉर्डात दोन ॲडमिशन्स वाट बघत होत्या. सायकली ओलांडून चेस्टनटखाली आलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"फ्राऊ डॉक्टर, ऋजुता हळू चालायची."

मी वळून पाहिलं. ती झाडाला हात टेकून दम खात उभी होती. "तू कधी आली होतीस तिच्याबरोबर?" मी विचारलं.

"दोनदा. जायच्या आधी तिने मला रस्ता दाखवून ठेवला. वेटिंग रूमसुद्धा. म्हणजे मग भीती वाटणार नाही, म्हणाली. आणि म्हणाली, खऱ्या दिवशी तुम्ही याल."

म्हणजे इथेही ती आधी येऊन गेली होती. लेओनीने फोन काढला, तोंडाजवळ धरला आणि अमेरिकेहून आलेल्या प्रश्नांना बोलून उत्तरं पाठवायला लागली. "हो, आली आहे बरोबर... नाही, आता हळू चालतेय."

कुणीतरी समुद्रापलीकडून माझी चाल तपासत होतं, याचा मला मनस्वी राग आला. मी लेओनीच्या बाजूला गेले. पलीकडच्या दारापर्यंत मी तिच्या चालीनेच चालत राहिले.