मोडीची परीक्षा, वाय-फायची एक दांडी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या डेस्कटॉपचं वाय-फाय बंद पडल्याचं लक्षात आलं. अकरा वाजता बाबांची मोडीवाचनाची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर गैरहजेरी लागणार होती. गेल्या वर्षीची परीक्षा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे हुकली होती. फोनच्या पडद्यावर जुन्या दस्तांतली अक्षरं त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे डेस्कटॉपच हवा होता.

मी सणासाठी घोडबंदर रोडवरच्या माझ्या घरून आदल्या दिवशी आले होते. फोनवर घरचं वाय-फाय व्यवस्थित चालत होतं, म्हणजे राउटर ठीक होता. तरी तो बंद करून चालू केला. कॉम्प्युटरमधून नेटवर्क काढून टाकलं, पासवर्ड नव्याने घातला. एक दांडी उगवली, मावळली.

खोलीत पिवळट ऊन होतं. झेंडूचा वास पंख्याबरोबर फिरत होता. बाबा पलंगावर बसून सरावाची पानं वाचत होते. मोडीत हात न उचलता लिहितात. त्यांचं वाचनही तसंच, एका शब्दातून दुसऱ्यात वाहत जाणारं. त्या आवाजात मी पडद्यावरच्या यादीकडे पाहत राहिले. एरवी तिथे अख्ख्या इमारतीची नावं असतात: कुणाच्या मुलीचं, कुणाच्या कुत्र्याचं, कुणी नुसतंच ‘विचारू नका’. आज दोनच होती. ती पुसट व्हायची, परत यायची. पाण्याखालून वर पाहावं तसं वाटत होतं. किती वेळ पाहत होते, सांगता येत नाही. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

“काल पूजा केली ना त्याची, आज रुसलाय,” बाबा म्हणाले.

“पूजेला नावं ठेवू नका हं,” आई दारातून म्हणाली.

यादी इतकी आखूड का, हे पाहायला मी सीपीयूचा डबा फिरवला. त्याच्या गळ्यात अजून हार होता. मागे, जिथे अँटेना असतात, तिथे दोन पितळी टोकं उघडी होती.

“आई, इथल्या काळ्या काड्या कुठे गेल्या?”

“हार अडकत होता त्यांच्यात. फिरवून काढल्या.”

“आणि?”

“आणि काय? पाटावर ठेवल्या, बाबांच्या कंपासपेटीशेजारी. यंत्राच्याच ना त्या?”

मी देवघराकडे निघाले. आई आडवी आली.

“हात लावू नकोस. उत्तरपूजा व्हायचीय.”

“अगं, दहा पन्नास झालेत!”

“डबा टेबलावर पुजला, तो चालवा खुशाल. पाटावरचं हलवायचं नाही.”

“अहो यजमानीणबाई,” बाबा म्हणाले, “मग तुम्हीच परीक्षेला बसा.”

“बसले असते. वाचता आलं असतं तर.”

आईने तोंड धुतलं, पदर खोचला, निरांजन लावलं. घाई केली नाही. कंपासपेटी, विळी, शिवणाची कात्री आणि दोन अँटेना, सगळ्यांवर अक्षता पडल्या. मंत्र ती पुटपुटत होती. आतल्या खोलीतून बाबांच्या वाचनाचा आवाज येतच होता. काही क्षण दोन्ही एकच मजकूर असल्यासारखे वाटले. मग तिने पाट किंचित उत्तरेला सरकवला.

“घे आता.”

अँटेनांवर हळदीकुंकू होतं. ते आट्यांत गेलं होतं. साडीच्या टोकाने आईनेच पुसून दिलं. दुसरी अँटेना घट्ट बसली तेव्हा अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. यादीत नावं एकामागून एक वर आली. आमचं तिसरं होतं. चार दांड्या.

अकरा सहाला परीक्षकांनी बाबांचं नाव पुकारलं. “हजर,” बाबा म्हणाले. पडद्यावर एका जमिनीच्या कागदाचं पान आलं. सहाव्या ओळीत ते एका शब्दावर अडले, मागे गेले, तो त्यांनी पुन्हा वाचला. परीक्षकांनी दुसरं पान दाखवलं. ते वाचून परीक्षा संपली तेव्हा अकरा एकतीस झाले होते.